ग्रेनेडाची पदके आणि आपला हिशेब

ऑलिंपिक संपले की आपल्याकडे एक तक्ता हमखास फिरू लागतो : कोणत्या देशाने लोकसंख्येच्या मानाने किती पदके मिळवली. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर या तक्त्यात कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याखाली भारताला उद्देशून खेद, संताप आणि टोमणे यांची रांग लागली होती. त्या चर्चेत ग्रेनेडाविषयी मात्र कोणी चार ओळीही लिहिल्या नाहीत, आणि मला खटकते ते हेच. एका छोट्या देशाच्या कर्तृत्वाचा उपयोग आपण केवळ स्वतःला बोल लावण्यासाठी करतो, आणि त्यामुळे त्या देशाकडून जे खरोखर घेण्यासारखे आहे ते बाजूला राहते.

ग्रेनेडाचे क्षेत्रफळ 344 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीहूनही कमी, आणि लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. हा देश 1974 साली स्वतंत्र झाला, 1984 साली लॉस एंजेलिसमध्ये प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरला आणि त्यानंतर 2008पर्यंतच्या सलग सात ऑलिंपिकमधून रिकाम्या हाताने परतला. त्या काळात दरडोई पदकांचा तक्ता मांडला असता तर हाच देश तळाशी दिसला असता. एकदोन खेळाडूंच्या बळावर ज्या तक्त्याचे टोक असे उलटते, त्यावरून कोणाची क्रीडासंस्कृती मोजायची नसते. शिवाय अ‍ॅथलेटिक्सच्या वैयक्तिक प्रकारात एका देशाला जास्तीत जास्त तीन खेळाडू उतरवता येतात, देश सव्वा लाखाचा असो की एकशे चाळीस कोटींचा. लोकसंख्येने भागाकार करणारे हा नियम विसरतात.

खरी गोष्ट सुरू होते ती किरानी जेम्सपासून. गुयाव्ह या मच्छीमारांच्या गावातला हा मुलगा 2009च्या जागतिक युवा स्पर्धेत 200 आणि 400 मीटर या दोन्ही शर्यती जिंकला, अठराव्या वर्षी 2011मध्ये देगू येथे 400 मीटरचा विश्वविजेता झाला आणि 2012मध्ये लंडनला 43.94 सेकंदांत धावून त्याने देशाला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेही सुवर्ण. त्या आनंदात सरकारने अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. पुढे रिओत रौप्य आणि टोकियोत कांस्य मिळवून त्याने एकाच शर्यतीत तिन्ही रंगांची पदके पूर्ण केली. दरम्यान त्याला थायरॉइडशी निगडित ग्रेव्हज आजाराने गाठले होते, हे लक्षात घेतले तर टोकियोचे कांस्य मला लंडनच्या सुवर्णाइतकेच मोठे वाटते.

ग्रेनेडाचा भालाफेकपटू अँडरसन पीटर्स आपल्याला अधिक ओळखीचा असायला हवा. 24 जुलै 2022 रोजी, रविवारी सकाळी, आपल्यापैकी अनेकजण नीरज चोप्रासाठी टीव्हीसमोर बसले होते. अमेरिकेतील युजीन येथील जागतिक स्पर्धेत त्या दिवशी पीटर्सने पहिल्या दोन फेकींतच दोनदा 90 मीटरची रेषा ओलांडली आणि शेवटच्या फेकीत भाला 90.54 मीटरवर नेला. नीरजची सुरुवात फाउलने झाली, चौथ्या फेकीत तो 88.13पर्यंत पोहोचला आणि रौप्यपदक घेऊन आला. पॅरिसमध्ये पाकिस्तानचा अर्शद नदीम पहिला, नीरज दुसरा, आणि 88.54 मीटरसह तिसरा पुन्हा पीटर्सच होता. आपल्या वृत्तपत्रांत मात्र त्या रात्रीची कहाणी दोघांचीच होऊन राहिली. त्याच पॅरिसमध्ये ग्रेनेडाच्याच लिंडन व्हिक्टरने डेकॅथलॉनचे, म्हणजे दहा प्रकारांच्या स्पर्धेचे, कांस्य जिंकले. त्याचा थोरला भाऊ कर्ट फेलिक्स याने दहा वर्षांपूर्वी याच प्रकारात राष्ट्रकुल कांस्य मिळवले होते. आणि हे सगळे घडले तेव्हा देश नुकताच हादरलेला होता : पॅरिस ऑलिंपिकच्या थोडेच आधी, 1 जुलै 2024 रोजी, बेरिल चक्रीवादळाने ग्रेनेडाच्या कॅरिआकू बेटावरील जवळपास सगळ्या इमारतींची पडझड केली होती.

हे खेळाडू घडतात कसे, याचे उत्तर मला चमत्कारात नव्हे, तर वाटेवरच्या पायऱ्यांत दिसते. ग्रेनेडात माध्यमिक शाळांची ‘इंटरकॉल’ ही अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा दरवर्षी होते. तिथे चमकलेल्या मुलाला कॅरिबियन देशांची कुमार गटाची ‘कॅरिफ्टा’ स्पर्धा मिळते. ती 1972पासून चालत आली आहे आणि तिथे शेजारच्या जमैकाची, त्रिनिदादची, बहामाची तोलामोलाची मुले असतात. पुढे अमेरिकेतील विद्यापीठांची शिष्यवृत्ती : जेम्स अलाबामात गेला, पीटर्स मिसिसिपीत, व्हिक्टर टेक्सासमध्ये. यातली शेवटची पायरी ग्रेनेडाच्या मालकीची नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. परक्या देशाच्या विद्यापीठांनी धोरण बदलले तर या छोट्या देशाकडे त्याला पर्याय नाही. शिवाय त्यांची पाचही पदके एकाच खेळातील आणि वैयक्तिक आहेत. म्हणून ‘ग्रेनेडासारखे करा’ हे वाक्य मला वरवरचे वाटते.

पहिली पायरी मात्र आपल्या हातातली आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी कित्येक किलोमीटरची पायपीट करत असे, पण त्याच्यातला धावपटू ओळखला गेला तो लष्करात भरती झाल्यानंतर. बारा-तेरा वर्षांच्या अविनाशला दरवर्षी नेमाने होणारी, घड्याळ लावून वेळ नोंदवणारी आणि तालुक्यापलीकडच्या मुलांशी गाठ घालून देणारी स्पर्धा मिळाली असती, तर 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत तो पॅरिसला अकरावा येण्यापेक्षा कितीतरी पुढे पोहोचला असता, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे आंतरशालेय स्पर्धा कागदावर आहेत, पण कित्येक शाळांना मैदान नाही, जिथे आहे तिथे खेळाचा तास गणिताच्या शिक्षकाकडे जातो, आणि जिंकलेल्या मुलाच्या हाती प्रमाणपत्र पडते ते दहावीच्या वाढीव गुणांपुरते. पुढच्या ऑलिंपिकनंतर ग्रेनेडाचे नाव घेऊन कोणी दरडोई पदकांचा तक्ता पाठवलाच, तर त्याला आपल्या मुलाच्या शाळेत या वर्षी 400 मीटरची शर्यत झाली का आणि जिंकणाऱ्याची वेळ कोणी लिहून ठेवली का, एवढेच विचारावे.