जुन्या गाडीत ऑटो क्लायमेट नकोच? त्या मेसेजमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला एक मेसेज हमखास येतो, मला स्वतःला चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवलाय. थोडक्यात त्यात म्हटलंय की दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल (आपण तापमानाचा आकडा लावायचा, बाकी एसी स्वतः सांभाळतो ते, थोडक्यात 'ऑटो') असेल तर ती घेऊच नका. कारणं अशी, की मॅन्युअल एसी जास्त थंड करतो, ऑटो इंधन जास्त खातं, सेन्सर आणि मोटरी बिघडल्या की दुरुस्त होत नाहीत, ऑटोचा खरा उपयोग कुणाला होतच नाही, आणि चुकून घेतलीच तर ते काढून साधे नॉब बसवून घ्या.

मी आधी बरीच वर्षं मॅन्युअलवाली गाडी चालवली, आता १४ वर्षं जुनी ऑटोवाली चालवतोय, आणि दोन्हींचे डॅशबोर्ड उघडताना शेजारी उभा राहून बघितलेत. हा मेसेज वाचून लोक चांगल्या गाड्या सोडून देतात आणि एसी मेलेल्या गाड्या फक्त नॉब आहेत म्हणून घेतात, हे बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"मॅन्युअल एसी जास्त थंड करतो"

थंड करायचं काम पॅनेल करतच नाही हो. ते काम कॉम्प्रेसर, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डच्या पोटातली कुलिंग कॉइल हे चौघं मिळून करतात, आणि एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि ऑटो व्हेरिएंटमध्ये हे भाग बहुतेक वेळा तेच असतात. फरक कुठे आहे तर कॉइलच्या पुढे एक फ्लॅप असतो, तो ठरवतो की थंड हवेतली किती हवा हीटरच्या कॉइलवरून जाणार. मॅन्युअलमध्ये तुम्ही नॉब फिरवता, नॉबला केबल असते, ती फ्लॅप ओढते. ऑटोमध्ये त्याच फ्लॅपला छोटी मोटर असते. झालं. हात बदलला, फ्लॅप तोच.

मग लोकांना मॅन्युअल जास्त थंड का वाटतो? कारण मॅन्युअलमध्ये माणूस नॉब पूर्ण निळ्याकडे फिरवतो, ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, चारवर टाकतो आणि तसाच ठेवतो, तोंडावर गार झोत येत राहतो. ऑटो २४ वर लावलेलं असेल तर आत २४ च्या आसपास आलं की ते स्वतः ब्लोअर कमी करतं, झोत मंदावतो, आणि आपल्याला वाटतं कुलिंग गेलं. अहो ते गेलं नाही, तुम्ही सांगितलं तेवढं करून थांबलंय. ज्याला झोतच हवा त्याने ब्लोअर हाताने वाढवावा, ऑटो पॅनेलवरही ती सोय असतेच.

खात्री करायची तर ऑटो पॅनेलवर तापमान खाली खाली नेत 'लो' दिसेपर्यंत न्या, ब्लोअर फुल, रिसर्क्युलेशन (बाहेरची हवा न घेता आतलीच फिरवत राहणं) चालू, आणि मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर खुपसा. 'लो'वर बहुतेक सिस्टीम मोजमाप सोडून देतात आणि फ्लॅप पूर्ण थंड बाजूला टाकतात, म्हणजे त्या क्षणी तुमची ऑटो गाडी मॅन्युअलच असते. तरीही हवा कोमट असेल तर बहुतेक वेळा दोष गॅसचा, कंडेन्सरचा नाहीतर कॉम्प्रेसरचा, आणि तो नॉबवाल्या गाडीतही तितकाच आला असता.

याच्याशी जोडून अजून एक, उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर '१८ लावलं की लवकर गार होतं' हेही खरं नाही. तुम्ही २३ लावा की १८ लावा, आत भट्टी असताना ऑटो पहिली काही मिनिटं पूर्ण जोरातच चालतं. १८ ने वेग वाढत नाही, ते फक्त नंतर थांबत नाही.

"ऑटो इंधन जास्त खातं"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण यात मॅन्युअलबद्दल एक मोठा गैरसमज दडलाय. लोकांना वाटतं की नॉब पूर्ण निळ्यावरून मधे आणला म्हणजे एसीवरचा भार कमी झाला. जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा साधा, क्लचने चालू-बंद होणारा कॉम्प्रेसर असतो, त्याला तुमच्या नॉबचं काही कळत नाही. त्याला फक्त कुलिंग कॉइलवरचा सेन्सर सांगतो की कॉइल गोठायला आलीय, थांब. नॉब मधे आणल्यावर होतं काय, तर आधी हवा पूर्ण गार केली जाते आणि मग इंजिनच्या गरम पाण्यावरून फिरवून परत कोमट केली जाते. कॉम्प्रेसर आपला चालूच. ऑटोमध्येही अगदी हेच होतं. मग जास्त इंधन खाल्लं कुणी?

भार खरंच कमी करायचा असेल तर ब्लोअर कमी करा आणि रिसर्क्युलेशन वापरा, म्हणजे बाहेरची तापलेली हवा सतत गार करत बसावी लागत नाही. बऱ्याच गाड्यांत ऑटो सुरुवातीला स्वतःहून रिसर्क्युलेशनवर जातं आणि नंतर ब्लोअर उतरवतं, म्हणजे जे आपण विसरतो ते ते करतं.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची मान्य. बाहेर छान गारवा असताना 'ऑटो'चं बटण दाबलं की बऱ्याच गाड्या कॉम्प्रेसर चालू करून ठेवतात, हवा कोरडी राहावी म्हणून. तेव्हा गरज नसते. पण त्याला उपाय आहे, एसीचं बटण एकदा दाबून तो बंद करा, काही पॅनेलवर त्यालाच 'इकॉन' लिहिलेलं असतं, बाकी ऑटो चालूच राहतं.

"सेन्सर आणि मोटरी गेल्या की संपलं"

इथे जरा थांबतो, कारण मी यातून गेलोय.

माझ्या गाडीचा पुढचा बंपर रंगवून आणला आणि दुसऱ्या दिवसापासून कुलिंग शून्य. ब्लोअर चालू, पॅनेलवर एसीचा दिवा चालू, हवा साधी. एका एसीवाल्याने गॅस काढून नवीन भरला, काडीचा फरक नाही. दुसरा म्हणाला कॉम्प्रेसर गेला, बदला. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण पॅनेलवर बाहेरचं तापमान उणे दाखवत होतं, भर उन्हाळ्यात, आणि ते दाखवल्यावर तिसऱ्या माणसाने सरळ गाडीसमोर उकिडवं बसून बंपरच्या जाळीत बॅटरी मारली. आत एक छोटा कनेक्टर लोंबत होता. बंपर काढताना बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचं कनेक्शन काढलं होतं आणि परत लावायचं राहून गेलं होतं. त्याने ते टक्क करून बसवलं, काही वेळाने डिस्प्लेवरचा आकडा ताळ्यावर आला आणि कॉम्प्रेसरचा क्लच लागल्याचा आवाज आला.

कारण असं आहे की हे सेन्सर म्हणजे साधे थर्मिस्टर असतात, थंडी वाढली की त्यांचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, वाढतो. कनेक्टर निघाला की मशीनला, म्हणजे ऑटोच्या कंट्रोल पॅनेलला, दिसतो अफाट रेझिस्टन्स, म्हणजे त्याच्या हिशेबाने बाहेर भयंकर थंडी, आणि एवढ्या थंडीत कॉम्प्रेसर चालवायचा नाही हे बऱ्याच गाड्यांमध्ये ठरवून दिलेलं असतं. म्हणजे मशीन शहाण्यासारखंच वागत होतं, त्याला माहिती चुकीची मिळत होती. 'ऑटो बिघडलं' म्हणून ज्या गाड्यांना नावं ठेवली जातात त्यातल्या कित्येकांची कहाणी अशीच असणार असं मला मनापासून वाटतं.

आतल्या तापमानाचा सेन्सर डॅशबोर्डवर एका छोट्या भोकाभोकांच्या जाळीमागे असतो. नुसता सेन्सर असून भागत नाही, त्याच्यावरून केबिनमधली हवा सतत ओढली जावी लागते, त्यासाठी मागे बारका पंखा असतो किंवा ब्लोअरच्या डब्याला जोडलेली एक नळी. नवीन म्युझिक सिस्टीम बसवताना ही नळी निघते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग तो सेन्सर डॅशबोर्डमागची कोंडलेली गरम हवा मोजत बसतो, मशीनला वाटतं आत अजून उकडतंय, आणि ते तुम्हाला कुडकुडवतं. तपासायला टिश्यू पेपरचा नखाएवढा तुकडा घ्या, ब्लोअर चालू करून त्या जाळीवर धरा. चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय, पडला तर नळी निघालीय नाहीतर आत धूळ गच्च झालीय नाहीतर पंखा थांबलाय.

तिसरा उन्हाचा सेन्सर, पुढच्या काचेपाशी डॅशबोर्डवर काळ्या अर्ध्या गोटीसारखा दिसतो तो. त्याच्यावर कापड, मॅट, पार्किंगची पावती काहीही ठेवू नका, त्याला अंधार दिसला की मशीनला वाटतं ऊन नाही.

आणि दुरुस्त होत नाही म्हणता, तर उलट जुन्या ऑटो पॅनेलला स्वतःचा दोष सांगता येतो. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत 'ऑटो' आणि रिसर्क्युलेशन ही दोन बटणं एकत्र दाबून धरून किल्ली फिरवली की डिस्प्लेवर कोड येतात. त्यात २१ हा कोड उन्हाच्या सेन्सरचा असतो आणि गाडी शेडमध्ये उभी असेल तर सेन्सर धडधाकट असूनही तो येतो, म्हणून ही तपासणी उन्हात करायची. हे माहीत नसल्याने चांगला सेन्सर बदलणारेही आहेत. नॉबवाल्या गाडीत असलं काही सांगणारं कुणी नसतं, तिथे अंदाजच बांधायचा.

बरं, मॅन्युअल कधीच बिघडत नाही का? ब्लोअर एक, दोन, तीनवर बंद आणि फक्त चारवर चालतो ही तक्रार कुणी ऐकली नाही? तेव्हा ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो, फुल स्पीडला वीज त्याच्यातून जातच नाही म्हणून तेवढाच चालतो. केबल क्लिपमधून सुटते, नॉब जड होतो आणि जोर लावला की मागचा प्लॅस्टिकचा दांडा तुटतो. हे सगळं होतंच, पण ते कुणी मेसेजमध्ये लिहीत नाही.

'हे नवीन तंत्र आहे, टिकत नाही' असंही त्यात लिहिलंय. कॅडिलॅकने ठरवलेलं तापमान स्वतःहून राखणारी सिस्टीम १९६४ च्या मॉडेलमध्ये आणली होती. साठ वर्षं होऊन गेली.

जे खरं आहे ते मात्र खरंच आहे. फ्लॅपच्या मोटरच्या आतली प्लॅस्टिकची गिअर तुटली की गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डमागे टकटकटक ऐकू येतं, आणि ती मोटर अवघड जागी असेल तर अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यात मजुरीच जास्त लागते. कंट्रोल पॅनेलचा डिस्प्ले पुसट होणं, आतलं सोल्डर तडकणं हेही होतं. खपाने कमी असलेल्या मॉडेलचं पॅनेल मिळणं खरोखर कठीण जातं. तेव्हा घेण्याआधी पॅनेलचं प्रत्येक बटण दाबून बघा, हवा पायाकडे, तोंडाकडे, काचेकडे फिरते का ते हात लावून बघा, पूर्ण गरम आणि पूर्ण गार दोन्ही करून बघा, आणि त्या वेळी म्युझिक बंद ठेवा म्हणजे टकटक ऐकू येईल.

"उपयोग कुणाला होतो?"

रात्री लांबचा प्रवास करणाऱ्याला विचारा. संध्याकाळी निघताना गरम, मध्यरात्री गार, पहाटे पाऊस, मॅन्युअलमध्ये दर थोड्या वेळाने हात नॉबकडे जातो आणि मागे झोपलेलं कुणीतरी एकदा उकडतंय म्हणतं, एकदा गारठलोय म्हणतं. ऑटोत मी एकदा २४ लावतो आणि रस्त्याकडे बघतो. पावसात काच धुरकटली तर काचेचं एकच बटण, बऱ्याच गाड्यांत ते एसी चालू करतं, बाहेरची हवा घेतं आणि झोत काचेवर टाकतं, तीन गोष्टी एका बोटाने. मॅन्युअलमध्ये तीन वेळा हात हलवावा लागतो आणि घाईत माणूस रिसर्क्युलेशन चालूच ठेवतो, मग काच अजूनच धुरकटते.

"ऑटो काढून साधे नॉब बसवा"

हे मात्र कृपा करून करू नका. ऑटोच्या डब्यातल्या फ्लॅपला मोटरी असतात, केबल अडकवायला जागा बऱ्याचदा नसतेच. ब्लोअर रेझिस्टरवर नाही तर इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवर चालतो, त्याला चार स्पीडचा स्विच समजत नाही. आणि कॉम्प्रेसर चालू करायची मागणी त्या पॅनेलमधूनच जात असते, पॅनेल काढलं की ती वाट तुटते. मग जुगाड करणारा काय करतो, तर कॉम्प्रेसरला डायरेक्ट वायर देतो आणि एक स्विच बसवतो. कॉइलवरचा सेन्सर बाजूला पडला, म्हणजे 'थांब' म्हणणारं कुणी उरलं नाही.

अशी एक गाडी मी जवळून बघितलीय, ओळखीतल्या एकाने घेतली होती. सुरुवातीला बर्फासारखी हवा, तो खूश. साधारण अर्ध्या तासाने व्हेंटमधून हवा येणंच कमी कमी होत गेलं, ब्लोअरचा आवाज मात्र तेवढाच. कॉइलवर बर्फाचा थर चढून हवेची वाटच बंद झाली होती. एसी बंद करून थांबलो तर तो बर्फ वितळून पाणी पायाशी आलं. अशी कॉइल गोठत राहिली की गॅस पूर्ण वायू न होता द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे परत जायला लागतो आणि द्रव दाबला जात नाही, त्याने कॉम्प्रेसर आतून मार खातो. त्याचा खाल्लाच.

शेवटी त्याने त्याच व्हेरिएंटच्या भंगारात निघालेल्या गाडीचं पॅनेल पार्ट नंबर जुळवून आणलं, कॉइलचा सेन्सर परत जोडला, कापलेल्या वायरी एकेक करून सोल्डर केल्या आणि कॉम्प्रेसर नवीन टाकला. आधीच्या मालकाचं मूळ पॅनेल डिकीत पिशवीत पडलं होतं, नंतर टेबलावर जोडून बघितलं तर त्याचा फक्त एक सोल्डर जॉइंट तडकलेला होता.