बरोबर आहे ना?

मराठीत प्रश्न विचारतानाच आपल्याला काय ऐकायचंय ते सांगून टाकायची सोय आहे. 'हे बरोबर आहे का?' आणि 'हे बरोबर आहे ना?' यांत फरक एका अक्षराचा. पहिल्या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणता येतं. दुसऱ्याला 'नाही' म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो.

मी गेली २२ वर्षं मुद्रितशोधन करते. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात सुरुवात केली तेव्हा प्रूफं कागदावर यायची, लाल पेनाने समासात खुणा करायच्या. आता पीडीएफ येते. आणि त्याच्या जोडीला फोनवर प्रश्न येतात, ओळखीच्यांचे, त्यांच्या ओळखीच्यांचे, कधी अगदी अनोळखी माणसांचे. 'ताई, एवढं एकदा बघता का?' मला हे काम मनापासून आवडतं, म्हणून मी उत्तर देतेच. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट जाणवत आलीय आणि ती आज लिहायचीच आहे. विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना उत्तर नको असतं, होकार हवा असतो.

मागच्या वर्षी कोथरूडच्या एका काकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली. 'छापायला टाकतोय, एकदा नजर घाला, सगळं बरोबर आहे ना?' मी बघितली. वाचून लगेच कळवलं की 'आशिर्वाद' नको, 'आशीर्वाद' हवं, शी दीर्घ. मूळ शब्द 'आशीः', पुढे 'वाद' आला की विसर्गाचा रफार होतो आणि शी दीर्घच राहते. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'सगळीकडे असंच लिहितात.' पाठोपाठ दुसऱ्यांच्या तीन पत्रिकांचे फोटो, तिन्हींवर ऱ्हस्व शि. आणि मग, 'हे नियम कुणी ठरवले?'

मला वाईट वाटलं. मग काकांनी आधी पाठवलेला त्यांच्या पत्रिकेचा फोटो मोठा करून परत पाहिला. पत्रिकेच्या मागे टेबलावर रबर लावलेले गठ्ठे होते, कडेची सोनेरी छपाई चमकत होती. पत्रिका छापून घरी आल्या होत्या. काकांना शुद्धलेखन विचारायचंच नव्हतं. मुलीचं लग्न, खर्च झालेला, हॉल, केटरर, याद्या, आणि कुणीतरी एकदा 'छान झालीय हो पत्रिका' म्हणावं एवढीच इच्छा. यात गैर काय आहे? मी गठ्ठे आधी पाहिले असते तर आधी अभिनंदन केलं असतं.

पण तरीही माझं म्हणणं आहे की धीर हवा असेल तर धीरच मागावा. 'ताई, छापून आल्या, कशा वाटतात?' असं विचारलं असतं तर मीही खुशीत बोलले असते आणि काकांनाही राग आला नसता. कौतुकाची भूक प्रश्नाच्या पाकिटात घालून पाठवली की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. खरं सांगावं तर माणूस दुखावतो, आणि गोड बोलावं तर आपण आपल्या कामाशी बेइमान.

बरं, काकांचा तो शेवटचा प्रश्न रागाने आला असला तरी प्रश्न म्हणून चांगला होता. नियम कुणी ठरवले? त्याला उत्तर आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी ४ जोडले गेले. त्याआधी ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांवरून विद्वानांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालले होते. नियम माणसांनीच केलेत, आणि त्यांच्यावर आजही वाद घालता येतो. काकांना खरंच जाणून घ्यायचं असतं तर आम्ही तासभर बोललो असतो. मी हे सगळं लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

ही खोड फक्त इतरांची आहे असं मी म्हणू शकत नाही. छापखान्यात लागून मला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका स्मरणिकेत एका बाईंचं नाव आलं, अनसूया. मला ठामपणे वाटलं की ही चूक आहे. आमच्या वाड्यात अनुसूयाकाकू होत्या, सगळे तेच म्हणायचे, तेच लिहायचे. तरी खात्री करावी म्हणून मी शोधलं. शोधलं काय, तर 'अनुसूया'. आणि ते ढिगाने सापडलं. पाट्यांवर, जुन्या अंकांत, चक्क एका शाळेच्या हजेरीपटावर. माझं समाधान झालं, मी सगळीकडे उकार देऊन टाकला आणि फर्मा छपाईला गेला.

त्या स्मरणिकेचे लेखक संस्कृतचे निवृत्त शिक्षक होते. अंक हातात घेऊन ते स्वतः छापखान्यात आले. ओरडले नाहीत. माझ्यासमोर स्टुलावर बसले, माझंच लाल पेन घेतलं आणि प्रूफाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, 'असूया = मत्सर. अन् + असूया = जिच्यात मत्सर नाही ती.' मग मला विचारलं, 'तुम्ही अनसूया हा शब्द शोधून पाहिला होता का?'

नव्हता. मला जे सापडायला हवं होतं तेच मी शोधलं होतं. मी शब्दकोश उघडून 'असूया' पाहिलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मानसशास्त्रात या गोष्टीवर एक गाजलेला प्रयोग आहे, पीटर वेसन यांनी १९६० साली मांडलेला. २, ४, ६ असे तीन आकडे सांगायचे. हे एका नियमाने आलेत, तो नियम ओळखा. तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही एवढंच सांगितलं जाईल. बहुतेकांच्या मनात लगेच येतं, दोन-दोनने वाढणारे. मग ते विचारतात ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. खात्री पटते आणि उत्तर चुकतं, कारण नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ३ असं एकदा विचारलं असतं तरी आपली कल्पना अपुरी आहे हे कळलं असतं. पण जिथे 'नाही' ऐकायची भीती असते तिथे आपण प्रश्न नेतच नाही. हे वाचलं तेव्हा मला हजेरीपटावरची ती अनुसूया आठवली.

आता तर लोक यंत्राला विचारतात. त्याचं मला जास्त भय वाटतं, कारण माणूस निदान कंटाळून तरी खरं बोलतो. २०२५च्या एप्रिलमध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीत केलेला एक बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण ते विचारणाऱ्याच्या म्हणण्याला वाजवीपेक्षा जास्त माना डोलवायला लागलं होतं. कंपनीनेच तसं मान्य केलं. अशी यंत्रं शिकवताना माणसांच्या पसंतीचाही आधार घेतात, आणि आपल्याला आपली री ओढणारं उत्तर आवडतं. तिथे 'ना' लावून प्रश्न विचारणं म्हणजे आरशाला विचारणं.

आपल्याकडे या बाबतीत विचार झाला नाही असंही नाही. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते कळावं म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं खोडायचं ती वितंडा. यातला 'वाद' हा सर्वांत वरचा शब्द आम्ही भांडणासाठी वापरायला लागलो. मला त्याची खरोखर हळहळ वाटते.

पण शिकायला विचारणारी माणसंही आहेत, आणि ती लगेच ओळखू येतात. त्यांच्या प्रश्नात 'का' दोनदा येतो. गेल्या आठवड्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका शाळकरी मुलीचा संदेश आला. नववीत आहे. 'मॅडम, मी पारंपारिक लिहिलं, बाईंनी पारंपरिक केलं. बरोबर कोणतं, आणि का?'

मी लिहिलं की बाईंचं बरोबर. 'परंपरा'ला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणून प चा पा. मधल्या प ला काही होत नाही. सर्वजन, सार्वजनिक, तसंच. आपल्या पुण्यात १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचं उदाहरणही दिलं, तिच्या इतिहासाच्या पुस्तकात असेल म्हणून.

दहा मिनिटांनी पुन्हा संदेश. 'मॅडम, मग परलोकचं पारलौकिक का होतं? तिथे लो चा पण लौ झालाय.'

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तिने माझा नियम मान्य केला नव्हता, मोडून पाहिला होता. मला अंधूक आठवत होतं, पण अंधुक आठवणीवर उत्तर द्यायचं नाही हे त्या स्टुलावरच्या सरांनी शिकवलंय. कपाटातून व्याकरणाचं पुस्तक काढलं. काही ठराविक शब्दांत दोन्ही पदांची वृद्धी होते, उभयपदवृद्धी म्हणतात तिला. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र केलंय आणि त्या शब्दांच्या यादीत इहलोक, परलोक, सर्वलोक आहेत. तिला तसं सविस्तर कळवलं.

तिने 'थँक्यू' लिहिलं नाही. लिहिलं, 'म्हणजे सार्वभौम पण त्यातलाच का? सर्व आणि भूमी?'

यादीवर बोट ठेवून मी खाली सरकत गेले. सर्वभूमि होता.