खुलासा : अंगठ्याने अंतर मोजताना दहाने गुणावे लागते

पन्हाळ्याच्या पदभ्रमंतीला जाणाऱ्यांमध्ये सध्या असा संदेश फिरत आहे की, हात ताठ धरून एका डोळ्याने अंगठा पाहावा आणि डोळा बदलल्यावर तो समोर जितका सरकलेला दिसेल, तितकेच ते ठिकाण दूर असते. हे चुकीचे आहे. ताठ हाताची लांबी दोन डोळ्यांमधील अंतराच्या सुमारे दहापट असल्यामुळे सरकलेल्या अंतराला दहाने गुणावे लागते. रंकाळ्याच्या काठावर, समोर आडव्या उभ्या असलेल्या मोटारीवर मी हे पडताळले : अंगठा तिच्या लांबीइतका, म्हणजे सुमारे 4 मीटर सरकला आणि पावलांनी अंतर 42 मीटर भरले. (मोटारीची लांबी ठाऊक नसती, तर हा हिशेबही फसला असता.) कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये.