ऑर्डरबुक भरलेली आहे म्हणून शेअर एफडी होत नाही

"विमानं आता कार्बनची बनतात. कार्बन पुरवणारी कंपनी एकच. दहा वर्षांच्या ऑर्डरी आजच हातात. ही डॉलरमधली एफडीच समजा." विमानांसाठी कार्बनचा धागा आणि कापड बनवणाऱ्या हेक्सेल या अमेरिकी कंपनीबद्दलचा हा मेसेज गुंतवणुकीच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याला एक शेपूटही आहे: ज्यांना अमेरिकेत पैसे पाठवायचे नाहीत त्यांनी 'भारताची हेक्सेल' होऊ घातलेल्या एका छोट्या कंपनीचे लिस्टिंगआधीचे शेअर घ्यावेत. परवा हा मेसेज घरातल्या एका निवृत्त माणसापर्यंत पोचला आणि त्यांनी एफडी मोडली तर व्याज किती कापतात याची बँकेत चौकशी केली. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक दावा ऑर्डरबुकचा आहे, आधी तोच घेऊ.

2019 संपताना विमानं बनवणाऱ्या एअरबसकडे 7,482 विमानांच्या ऑर्डरी शिल्लक होत्या. 2021 संपताना 7,082. मधे अख्खी महामारी येऊन गेली तरी घट जेमतेम 5 टक्के. मेसेजचा तर्क खरा असता तर हेक्सेलची विक्रीही तेवढीच घसरायला हवी होती. कंपनीच्या वार्षिक अहवालात काय आहे बघा: 2019 ची विक्री सुमारे 235.6 कोटी डॉलर, 2020 ची 150.2 कोटी, 2021 ची 132.5 कोटी. म्हणजे 44 टक्के घसरण. शेअर 2019 मध्ये 80 डॉलरच्या वर होता, मार्च 2020 मध्ये 30 च्या खाली गेला आणि 2024 संपतानाही 60 च्या आसपासच होता. पाच वर्षांनी मुद्दलही न भरून येणाऱ्या गोष्टीला एफडी म्हणायचं?

असं का झालं, ते नीट समजून घ्या. विमान कंपनीची ऑर्डर एअरबसच्या वहीत लिहिली जाते, हेक्सेलच्या नाही. हेक्सेलचा माल विकला जातो तो त्या महिन्यात कारखान्यात जेवढी विमानं जोडली जात असतील त्या प्रमाणात. एअरबसने 2019 मध्ये 112 'ए350' ही मोठी विमानं दिली, 2020 मध्ये 59, 2021 मध्ये 55. ऑर्डरी जागच्या जागी राहिल्या, फक्त पुढे सरकल्या. आणि एका 'ए350' मध्ये हेक्सेलचा सुमारे 45 ते 50 लाख डॉलरचा माल जातो. महिन्याला दहाऐवजी पाच विमानं झाली की दरमहा दोन-अडीच कोटी डॉलर गेले.

प्रत्यक्षात फटका याहून मोठा बसतो, कारण मधल्या साखळीत साठा असतो. समजा, पंख आणि बॉडीचे भाग बनवणाऱ्यांनी महिन्याला दहा विमानांच्या वेगाने तीन महिन्यांचा माल भरून ठेवलाय, म्हणजे तीस विमानांचा. वेग पाचवर आला की तीन महिन्यांसाठी पंधरा विमानांचा माल पुरतो. उरलेला पंधरा विमानांचा माल जादा. तो संपेपर्यंत, म्हणजे पुढचे तीन महिने, नवी खरेदी शून्य केली तरी त्यांचं काहीही अडत नाही. विमानांचा वेग निम्म्यावर आला, पण माल पुरवणाऱ्याची विक्री काही काळ पार थांबू शकते. वेग वाढताना उलटं होतं, साठा भरायला जादा खरेदी होते, आणि नेमक्या त्याच तिमाहीचा चढता आकडा दाखवून असे मेसेज लिहिले जातात.

विक्री थांबली तरी खर्च थांबत नाही. कार्बनचा धागा बनतो पीएएन नावाच्या ॲक्रिलिक धाग्यापासून. तो आधी हवेत 200 ते 300 अंशांवर तासभर किंवा जास्त वेळ भाजायचा, मग नायट्रोजनमध्ये 1000 अंशांच्या वर तापवायचा. वजन जवळपास निम्मं होतं, म्हणून एक किलो कार्बनला सुमारे दोन किलो पीएएन लागतं. पहिल्या टप्प्यात धागा स्वतःच उष्णता सोडतो, ताण किंवा तापमान जरा चुकलं तर धागे तुटतात, कधी भट्टीत आगही लागते. अशी लाइन रात्रंदिवस चालवायची असते. बंद करून पुन्हा सुरू केली की ताण आणि तापमान बसेपर्यंतचा माल विमानासाठी चालत नाही. म्हणून मंदीतही घसारा, देखभाल आणि जाणत्या कामगारांचा पगार चालूच राहतो.

बरं, तयार माल बनवून ठेवावा, तर तेही मर्यादितच. धाग्यात रेझिन, म्हणजे भाजल्यावर कडक होणारी राळ, मुरवून जी पट्टी किंवा कापड बनतं त्याला प्रीप्रेग म्हणतात. ते उणे 18 अंशांवर ठेवायचं आणि तिथेही साधारण वर्षभरच टिकतं. बाहेर काढल्यावर किती वेळ गेला याची प्रत्येक रोलची नोंद असते आणि ठरलेले काही आठवडे संपले की तो रोल विमानासाठी बाद. तेजी येईल तेव्हा विकू म्हणून गोदाम भरून ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

आता "कार्बन पुरवणारी कंपनी एकच". यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. 'ए350' चा सुमारे 53 टक्के भाग कंपोझिटचा, म्हणजे धागा आणि रेझिन मिळून बनलेल्या मालाचा, आहे आणि त्याच्या मुख्य सांगाड्याचं प्रीप्रेग हेक्सेलच देते. एकदा मंजूर झालेला माल बदलणं खरोखर जिकिरीचं असतं. ताकदीचा एकेक आकडा सिद्ध करायला वेगवेगळ्या बॅचमधले नमुने तोडून बघावे लागतात. सगळ्यात कडक दर्जाच्या आकड्याला किमान पाच बॅच आणि 55 नमुने, तेही ताण, दाब, गरम, दमट अशा प्रत्येक स्थितीसाठी वेगळे. कोणी हौसेने पुरवठादार बदलत नाही. पण हे कुलूप एकेका विमानाला असतं. बोइंग 787 चं आणि 777एक्स च्या पंखांचं प्रीप्रेग जपानच्या टोरेचं आहे आणि तिथे हेच कुलूप हेक्सेलला बाहेर ठेवतं. शिवाय याच धंद्यात सायेन्स्को आहे, तेइजिन आहे. आणि कुलूप लावणाराही आत अडकतो: रेझिनचा घटक बदलायचा किंवा नवी लाइन सुरू करायची तर पुरवठादारालाही पुन्हा चाचण्या देऊन मंजुरी घ्यावी लागते. हेक्सेलची सुमारे 40 टक्के विक्री एकट्या एअरबस आणि तिच्या उपकंत्राटदारांना होते. इतकं मोठं गिऱ्हाईक असल्यावर भाव कोण ठरवतं?

मेसेजमधले बाकीचे दावेही बघू. "डिव्हिडंड कधीच थांबला नाही." साफ खोटं. 2020 मध्ये थांबवला, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि तोही आधीच्या 17 सेंटऐवजी तिमाहीला 10 सेंटने.

"पुढची छोटी विमानंही पूर्ण कार्बनचीच येणार." ठरलेलं काही नाही. ए320निओ आणि 737 मॅक्सची बॉडी आजही ॲल्युमिनियमची आहे. छोटी विमानं महिन्याला पन्नास-साठ बनवायची असतात, आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, 180 अंश आणि 7 बार दाबाखाली तासन् तास भाजण्याची पद्धत त्या वेगाला जड जाते. ए220 चे पंख बेलफास्टमध्ये कोरडा धागा मांडून त्यात नंतर रेझिन सोडून बनवतात. ती पद्धत पसरली तर धागा खपेल, पण प्रीप्रेगमधली कमाई तशीच राहील असं गृहीत धरता येत नाही.

"टॅक्सचं काही झंझट नाही." आहे. डिव्हिडंडमधले 25 टक्के अमेरिकेतच कापले जातात. एका आर्थिक वर्षात 10 लाखांवर पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, लागतो, तो परत मिळतो पण तोवर पैसा अडकतो. आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, एक शेअर असला तरी.

आता ते शेपूट, 'भारताची हेक्सेल'. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण इथे पैसे अडकले तर विकायला बाजारही नसतो. मेसेज दाखला देतो की "नागपुरात बोइंगचे कार्बन पार्ट बनतात". बनतात, मिहानमध्ये 787 चे कंपोझिट फ्लोअर बीम बनतात आणि ते अभिमानाचंच काम आहे. पण पार्ट बनवणं आणि त्यासाठीचा धागा, प्रीप्रेग बनवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. प्रीप्रेग कोणतं वापरायचं ते विमान कंपनी ठरवते आणि पार्ट बनवणारा ते मंजूर पुरवठादाराकडूनच घेतो. धागा बनवण्याचा प्रयत्नही आपल्याकडे होऊन गेलाय. वडोदऱ्याजवळ केमरॉकने बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेचं तंत्र घेऊन 2010 मध्ये वर्षाला 400 टनांचा कारखाना सुरू केला. तंत्र देशी होतं, उद्घाटनाचा गाजावाजाही झाला. पुढे कंपनी कर्जात बुडाली आणि 2017 मध्ये तिची मालमत्ता रिलायन्सने विकत घेतली. शेअरधारक मागेच राहिले.

तरीही कोणी लिस्टिंगआधीचे शेअर विकायला आलाच, तर ब्रोशरमधला विमानाचा फोटो बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा: एएस9100 हे विमान उद्योगाचं दर्जा-प्रमाणपत्र आणि कंपोझिटच्या कामासाठीची नॅडकॅप मान्यता आहे का, कोणत्या पत्त्यावरच्या कारखान्याला, कोणत्या तारखेपर्यंत? कोणत्या विमानाच्या कोणत्या पार्टसाठी मंजुरी मिळालीय आणि मंजुरीचं पत्र कोणाचं? फ्रीझरच्या तापमानाची आणि रोल बाहेर राहिलेल्या वेळेची नोंदवही दाखवता का? आणि फ्रीझरमधून काढलेला रोल कधी उघडता? पिशवी सीलबंद ठेवूनच तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा असतो. घाईत उघडला तर गार कापडावर बाष्प धरतं, भाजताना त्याची वाफ होते आणि पार्टच्या आत पोकळ्या राहतात. वरून पार्ट चकचकीत दिसतो, अल्ट्रासाउंड तपासणीत सापडतो आणि भंगारात जातो. या प्रश्नाला विकणारा अडखळला तर तो कारखान्याच्या आत कधी गेलेला नाही. त्याला चेक देऊ नका, एफडी आहे तिथेच राहू द्या.