टाळ्यांच्या आरोपाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईतील शाळांमध्ये मी घेत असलेल्या विमानविद्येच्या वर्गांविषयीच्या लेखावर आपण लिहिले आहे, "निवृत्त वैमानिकांना गणवेशाच्या आठवणी सांगून टाळ्या घेण्याची सवय असते, शिकवणे हे शिक्षकांचे काम आहे." वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च आणि माझ्याकडे बी.एड. नसणे, हेही मुद्दे आपण मांडले आहेत. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याचा वर्ग आपण कधी पाहिला नाही, त्याच्या हेतूविषयीच इतक्या सहजपणे शंका घ्यावी, हे सभ्य वादाला शोभत नाही.

आठवणींचेच म्हणाल, तर मी हवाई दलात चीता हेलिकॉप्टर चालवत असे आणि लेहहून सियाचीनच्या चौक्यांना रसद पोहोचवणे हे आमचे काम होते. सहा हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच अधिक उरते. पात्यांना धरायला हवा कमी, त्यात इंजिनाची ताकदही घटलेली, त्यामुळे सर्वांत वरच्या चौकीसाठी रॉकेलचा एखादा जेरीकॅन न्यायचा, तरी इंधन मोजूनमापून भरावे लागते आणि उन्हाने हवा आणखी विरळ होण्याआधी परत फिरावे लागते. ही आठवण मी दिघ्याच्या किंवा तुर्भ्याच्या वर्गात सांगतो, तेव्हा फळ्यावर दाब, तापमान आणि घनता यांचे गणित मांडलेले असते, आणि तो जेरीकॅन न्यायचा की नाही, हे मुलांनी ठरवायचे असते. यात टाळ्या कोठे आल्या?

पंखावरून जाणारी हवा लांबचे अंतर कापून खालच्या हवेला त्याच क्षणी गाठते, म्हणून ती वेगाने वाहते, असे अनेक मुले पाठ करून आलेली असतात. प्रत्यक्षात वरची हवा मागच्या कडेला आधीच पोहोचते, आणि पंख हवेला खाली वळवतो म्हणून विमान उचलले जाते. हे सांगताना मी शिक्षकांना बाजूला सारत नाही. विज्ञानाच्या बाई वर्गातच असतात आणि पुढचा तास त्याच घेतात. त्यांची एकदाही तक्रार आलेली नाही. ती आपणच त्यांच्या वतीने केली आहे.

बी.एड.च्या मुद्द्याला उत्तर द्यावे, असे मला वाटत नाही.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे, हे आपले म्हणणे मात्र मान्य. मुलांना मी ते पहिल्याच दिवशी सांगतो. पण उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली आहेत, आणि त्यांच्यामागे देखभाल अभियंते व हवाई वाहतूक नियंत्रकही लागतात. शिवाय बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असणाऱ्यांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) हवाई दलात जाता येते, तेथील प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते, आणि २०२२ पासून तेथे मुलीही दाखल होत आहेत. प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची संस्था १९७७ पासून आहे. दहावीत असतानाच तिचा अर्ज भरावा लागतो, म्हणून मी नववीच्या वर्गात जातो.