चांगले खेळलात? मग हँडिकॅप वाढलाच म्हणून समजा!

गोल्फचा राउंड संपवून स्कोअर नोंदवावा, दुसऱ्या दिवशी ॲप उघडावे आणि १५.१ असलेला हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची कुवत सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १५.४ झालेला दिसावा, तोही इंडेक्सपेक्षा सरस खेळल्यानंतर, याला काय म्हणायचे? फटके ८८, कोर्स रेटिंग, म्हणजे त्या मैदानावर पट्टीच्या खेळाडूला लागावेत असे फटके, ७१.२; स्लोप रेटिंग, म्हणजे सामान्य खेळाडूला ते मैदान त्या मानाने किती अवघड जाते याचे माप, १२८. ८८ मधून ७१.२ वजा केल्यावर उरलेल्या १६.८ ला ११३ ने, म्हणजे प्रमाण स्लोपने, गुणून १२८ ने भागले की डिफरन्शियल, म्हणजे त्या राउंडचा तुलनेसाठीचा आकडा, येतो १४.८, म्हणजे १५.१ पेक्षा कमीच. तरीही आकडा वर चढतो, आणि त्याचे स्पष्टीकरण म्हणून आमच्या पदरात पडतो एक लाल बाण.

जाणकारांना विचारावे, तर ते खांदे उडवून सांगतात, "सरासरी आहे, असे व्हायचेच." अहो, सरासरी आहे हे मलाही ठाऊक आहे, प्रश्न आहे तो कशाची सरासरी, हा. शेवटच्या २० डिफरन्शियलपैकी सर्वांत कमी ८ घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि नवा राउंड आत आला की सर्वांत जुना बाहेर पडतो. बाहेर पडलेला माझा जुना राउंड होता १२.७ चा, म्हणजे त्या आठांतल्या उत्तम राउंडांपैकी एक. आठांची बेरीज होती १२०.८, त्यातून १२.७ गेले, १४.८ आले, बेरीज झाली १२२.९ आणि तिला ८ ने भागल्यावर आले १५.३६, म्हणून १५.४. शाळकरी पोरालाही जमेल असे हे गणित आहे, पण "तुमचा अमुक तारखेचा राउंड यादीतून गेला" एवढे एक वाक्य लिहिण्याचे कष्ट त्या ॲपला सोसवत नाहीत. उलट एखाद्या दिवशी चेंडू पाण्यात, वाळूत आणि झाडीत घालून घरी यावे, तर इंडेक्स जागचा हलत नाही, कारण तो राउंड पहिल्या आठांत बसत नाही आणि बाहेर पडलेलाही त्यांत नव्हता. मग हेच जाणकार कौतुकाने म्हणतात, "बघा, सिस्टिम किती दयाळू आहे!"

बरे, स्कोअर नोंदवतानाची झटापट वेगळीच. एका होलवर जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरायची: पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके, अधिक दोन, अधिक हँडिकॅपमुळे त्या होलवर सवलतीचे मिळणारे फटके. पार ४ च्या होलवर एक फटका मिळत असेल तर कमाल ७. तुम्ही ९ मारलेत तरी हँडिकॅपच्या हिशेबात ७ च. नियम शहाणपणाचा आहे, एका फसलेल्या होलने सगळा राउंड नासू नये हे मला पटते. पण हे मिळणारे फटके कोर्स हँडिकॅपवरून, म्हणजे इंडेक्सवरून त्या मैदानापुरत्या काढलेल्या आकड्यावरून, मोजायचे आणि स्पर्धा मात्र खेळायची प्लेइंग हँडिकॅपवर, जो वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये सहसा त्याच्या ९५ टक्के असतो. एकाच माणसाला इंडेक्स, कोर्स हँडिकॅप आणि प्लेइंग हँडिकॅप असे तीन आकडे चिकटवायचे आणि तो गोंधळला की त्यालाच हसायचे, ही कुठली रीत?

त्यातून हवामानाची भानगड आहेच. त्या दिवशी मैदान सगळ्यांनाच जड गेले की हलके, हे पाहून डिफरन्शियलमध्ये उणे १ ते अधिक ३ इतका फेरफार करता येतो, पण त्यासाठी त्या दिवशीचे किमान ८ ग्राह्य स्कोअर लागतात. टोपी डोक्यावर टिकत नव्हती असा वारा, आणि फेरफार शून्य! स्कोअर कमी पडले की गणितात बसले नाही, हे कोण सांगणार?

संताप सर्वांत जास्त होतो तो चढ-उताराच्या मापांवर. इंडेक्सपेक्षा ७ ने चांगला डिफरन्शियल आला की एका झटक्यात १ ची कपात, १० ने आला तर २ ची. वर जाताना मात्र मागच्या वर्षभरातल्या नीचांकाच्या ३ पलीकडे वाढ निम्मी होते आणि ५ पलीकडे जातच नाही. मुद्दाम खराब खेळून हँडिकॅप फुगवणाऱ्या बिलंदरांना आवर घालण्यासाठी हे आहे, आणि त्यांची गठडी वळलीच पाहिजे. पण दुखापतीतून उठून धडपडणाऱ्या प्रामाणिक खेळाडूचा इंडेक्स त्याच कुलपात अडकतो, आणि कुलूप लागले आहे हेही त्याला इंडेक्सशेजारच्या एका टिकलीएवढ्या चिन्हावरून ओळखावे लागते.

आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फच्या नियामक संस्थांनी २०२० मध्ये जगातल्या सहा निरनिराळ्या पद्धती एकत्र आणून ही व्यवस्था सुरू केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या जुन्या पद्धतीत ठरावीक मर्यादेपलीकडे खराब खेळले की ०.१ ची वाढ व्हायची. ती कदाचित कमी न्याय्य असेल, पण खेळाडू शेवटचा पुट मारून परतताना हिशेब मनातल्या मनात करू शकत असे. आता हिशेब यंत्र करते, तर यंत्राने तो दाखवावा: कोणता राउंड गेला, कोणते आठ धरले, हवामानाचा फेरफार किती आणि मर्यादा लागली की नाही. या चार ओळी इंडेक्सच्या खाली छापा आणि तो लाल बाण काढून टाका.