लेडीज डॉर्म म्हणे!

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एकट्या बाईने हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेक बेडच्या सामाईक खोलीत, एका रात्रीसाठी बेड घेतला की आधी तिची उलटतपासणी. पैसे ऑनलाइन भरलेत, बुकिंग कन्फर्म आहे, तरी काउंटरवरचा पोऱ्या विचारणारच, ‘मॅडम, एकट्याच का? काम काय आहे इथे? घरच्यांचा नंबर द्या.’ मागे सॅक घेऊन उभा असलेल्या मुलाकडे मागतोस का रे त्याच्या बाबांचा नंबर? सज्ञान बाईने एकटीने खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा या देशात नाही. आणि इतकी चौकशी करणाऱ्यांच्या बाथरूमची कडी लागत नाही! राग येतो तो याचा. ‘फक्त महिलांसाठी, सुरक्षित’ म्हणून बेडमागे शे-दीडशे जास्त उकळायचे, पहारा बसवायचा बाईवर, आणि दाराकडे ढुंकून बघायचं नाही.

त्यात तुमच्या आधारवर ठाणे, कल्याण नाहीतर मुंबईचा पत्ता असेल तर संपलंच. ‘लोकल आयडी चालत नाही.’ का? ‘पोलिसांचा नियम आहे.’ लेखी दाखवा म्हटलं की गप्प. सकाळी ७ ला ऐरोलीत परीक्षा असलेल्या बदलापूरच्या मुलीने मेगाब्लॉकच्या आदल्या रात्री करायचं काय, फलाटावर झोपायचं? वर साळसूदपणे सांगतात, ‘तुम्हीच ॲपवरून कॅन्सल करा, पैसे परत येतील.’ हे अजिबात करू नका. कॅन्सल तुम्ही दाबलंत की ती तुमची माघार ठरते आणि पैसे गेले. नकार त्यांच्याकडूनच ॲपच्या चॅटमध्ये लिहून घ्या, काउंटरवरूनच कस्टमर केअरला फोन लावा, तरी दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आयडी घेतला, तरी कसा? स्वतःच्या मोबाइलवर आधारचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर मालकाला धाडायचा. तुमचा पत्ता आणि १२ आकडे आता किती फोनमध्ये आहेत, देव जाणे. आधारच्या साइटवरून मास्क्ड प्रत मिळते, तिच्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. तीच द्या, नाहीतर लायसन्स द्या. झेरॉक्सवर आडवी तारीख आणि कशासाठी दिली ते लिहा. मग ते रजिस्टर! काउंटरवर सताड उघडं. नाव, मोबाइल, बेड नंबर, कुठून आलात, कुठे जाणार, सगळं एका ओळीत, आणि पुढचा गिऱ्हाईक सही करता करता आरामात वाचतोय. त्यातच हा पोऱ्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडणार, ‘मॅडमना दुसरा मजला, बेड ४!’ यांची सुरक्षितता ती हीच.

पत्त्यांचं तर बोलायलाच नको. ‘ठाणे पश्चिम, स्टेशनजवळ’ लिहितात आणि हॉस्टेल निघतं कासारवडवलीला, स्टेशनपासून १०-११ किलोमीटरवर, घोडबंदर रोडच्या त्या सुप्रसिद्ध ट्रॅफिकच्या पलीकडे. मीटरने २०० रुपयांच्या आसपास, आणि रात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट. नवी मुंबईत आणखी मजा. ‘सेक्टर १५, नवी मुंबई.’ अहो, सेक्टर १५ वाशीलाही आहे, बेलापूरलाही आणि खारघरलाही! नोडचं, म्हणजे वाशी-खारघर अशा विभागाचं, नाव नसेल तर तो पत्ता पत्ताच नव्हे. २५ डिसेंबर २०२५ ला नव्या विमानतळावरून विमानं सुटायला लागली आणि कोपरखैरण्यातलं हॉस्टेलसुद्धा ‘एअरपोर्टजवळ’ झालं. बुकिंगआधी फोन करून जवळचं रेल्वे स्टेशन आणि इमारतीचं नाव विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊच नका.

आता ती कडी. शंभरेक रुपयांची ॲल्युमिनियमची खिट्टी, ४ स्क्रू, सुताराची १० मिनिटं, एवढंच काम. पण नाही. होतं असं: बाथरूमचं दार रोज भिजतं, वरच्या बिजागरीचे आखूड स्क्रू मऊ पडलेल्या लाकडातून सुटतात आणि दार खाली लोंबतं. मग खिट्टीचा दांडा चौकटीतल्या भोकासमोर येतच नाही, बोटभर खाली आपटतो. प्रत्येक जण जोर लावून ढकलतो, त्यात चौकटीवरची पट्टी उखडते आणि भोकाचं खिंडार होतं. कडी लावल्यासारखी वाटते, बाहेरून ढकललं की दार उघडतं! यावर इलाज काय, तर खुंटीला बांधलेली सुतळी नाहीतर ‘कोणीतरी आहे’ म्हणून आतून ओरडत आंघोळ. वरच्या बिजागरीला लांब स्क्रू मारून दार वर घेतलं आणि उखडलेली पट्टी दांड्यासमोर पुन्हा घट्ट बसवली की झालं. सांगितलं तर म्हणणार, ‘मॅडम, लेडीज फ्लोअर आहे, कोण येतंय?’ पाण्याचा पंप बघायला, चादरी न्यायला, गीझर बंद करायला कोण येतं मग, हॉस्टेलची आजी?

डॉर्मच्या दाराचीही तीच गत. कोडचं कुलूप आणायला पैसे आहेत, कोड बदलायला वेळ नाही. गेल्या दिवाळीत राहून गेलेल्यांनाही तोच माहीत, वर वायफायच्या पासवर्डखाली भिंतीवर चिकटवलेला. पोचल्यावर पहिली १० मिनिटं यातच घालवा: खोलीचं दार आतून लागतं का, बाथरूमची कडी लावून दुसरीला बाहेरून ढकलायला सांगा, वरच्या झरोक्याच्या काचा जागेवर आहेत का, एक्झॉस्टचं नुसतं भोक तर नाही ना. जिन्यात कॅमेरा ठीक. खोलीच्या आत किंवा बाथरूमच्या तोंडावर रोखलेला दिसला तर फोटो काढा आणि ११२ लावा. बाईचं असं खासगी चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी किमान १ वर्ष कैद.

लॉकर देतात, कुलूप देत नाहीत. आपलं न्यावं तर कोयंड्याचं भोक इतकं बारीक की जाड दांड्याचं कुलूप शिरतच नाही. छोटं, ४-५ मिलिमीटर दांड्याचं ठेवा जवळ. आणि लॉकरच्या उंचीची चौकशी आधीच करा. पलंगाखालच्या त्या टिनाच्या खोक्यात पर्स मावते, सॅक नाही.

गीझर. ८ बायकांना मिळून एक, ३ लिटरचा इन्स्टंट, ३ किलोवॅटचा. धार मिनिटाला २ लिटर ठेवली तर पाणी विसेक अंशांनी तापतं. घाईत नळ पूर्ण सोडला, मिनिटाला ५ लिटर, की जेमतेम ८-९ अंशांनी. म्हणजे १५ लिटरच्या एका बादलीला ७-८ मिनिटं आणि ८ जणींच्या पाण्यालाच तासभर, आंघोळीचा वेळ वेगळा. आणि हे महाशय ६ ला चालू करून ७ ला खालून स्विच बंद करणार! गणित येत नाही की वीजबिल दिसतं?

पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही. बाथरूममध्ये नाही, पॅसेजमध्येही नाही. नियमाप्रमाणे कागदात गुंडाळून वेगळं टाकायचं म्हटलं तर टाकायचं कुठे? मग कोणीतरी फ्लश करते, पाइप तुंबतो आणि ‘लेडीज लोक घाण करतात’ ही पाटी लागते. डबा लाव ना बाबा, पाटी कसली लावतोस.

रात्री १० नंतर गेट बंद. मध्यरात्रीनंतरही लोकल धावणाऱ्या शहरात! गाडी लेट झाली तर बाई रस्त्यावर, आणि ही म्हणे तिच्याच काळजीने लावलेली वेळ. कोकणातून पहाटे येणाऱ्यांचं उलटं. ५ ला ठाण्यात उतरा आणि चेक-इन दुपारी १२ ला. तोवर सामान ठेवायचे वेगळे पैसे. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा चेनला छोटं कुलूप हवंच.

बिलही नीट वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, १२ नाही. बिलावर १५ अक्षरी जीएसटी नंबरच नसेल तर कर कुठल्या हक्काने घेताय ते विचारा.

आणि निघताना तोच पोऱ्या हसून म्हणणार, ‘मॅडम, फाइव्ह स्टार द्या हां.’ द्या ना. लोंबणाऱ्या दाराचा फोटो, भिंतीवरच्या कोडचा फोटो (आकडे झाकून), गीझरची वेळ, गेटची वेळ, लोकल आयडीची अट, सगळं मजल्यासकट लिहा. ‘ठीकठाक आहे, स्टाफ चांगला’ लिहून पुढच्या पोरीला फसवू नका.